आवाज गेला नव्हता

मांडवात बसली की आधी ती उजव्या हाताचा तळवा जमिनीवर दोनदा आपटायची आणि म्हणायची, "गप ऱ्हावा आता. देवांना बोलवायचंय." तरीही कुणी कुजबुजत राहिलं तर तिसऱ्यांदा आपटायची, आणि या वेळी नजर त्या माणसावर असायची. मग तो कितीही मोठा असो, सरपंच असो की नवऱ्याचा मामा, हातातला पानाचा विडा तसाच धरून गप बसायचा.

उरणच्या बाजूच्या आमच्या गावांत भटजी लग्न लावतात ते नंतर. त्याआधी धवलारीण लावते. ती जे गाते तो धवला. हळदीचा वेगळा, मांडवाचा वेगळा, नवरीला बाहेर आणण्याचा वेगळा. वाद्य नाही, कागद नाही. तांदळाच्या पिठाने चौक काढता काढता गायचं आणि चौकाची शेवटची रेघ ओढली की शेवटची ओळ संपायची. आणि एक नियम. धवला मध्येच मोडला तर तो तिथून पुढे न्यायचा नाही. चौक पुसायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. तुमच्यापैकी कुणी हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. पाहिलं नसेल तर त्याला माझ्यासारखी माणसं जबाबदार आहेत. तेच सांगायला बसलो आहे.

तळवा आपटणारी ती आमच्या गावची धवलारीण. आमच्या घरापासून तिचं घर चौथं. मी तिला काकी म्हणायचो, ती मला बाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, पुढे मुख्याध्यापक झालो, तरी रस्त्यात पोरांसमोर हाक तीच. "बाला, डोक्याला तेल लाव, उंदरासारखा दिसतस." पोरं तोंडावर हात धरायची. मला राग यायचा. आता तो राग आठवला की हसू येतं.

ती मिठागरावर कामाला जायची आणि तिची शाळाही तिथेच भरायची. तिच्याबरोबर मीठ ओढणाऱ्या चार-पाच बायका तिच्या विद्यार्थिनी. ती आधी ओळ सांगायची नाही. मिठाने भरलेली पाटी डोक्यावर उचलायला लावायची आणि पाठीवर हात ठेवून बघायची, श्वास कुठे धरला, कुठे सोडला. तो श्वास नीट बसला की मग ओळ. "गल्यानं गाशील तं दुपारपोतूर बसशील," ती म्हणायची, "पाठीनं गा." चुकलं तर पाठीत एक धपाटा. एक बाई सहा महिन्यांत पहिला धवला पुरा शिकली, त्या दिवशी काकीने तिला स्वतःच्या डब्यातलं सुकं मटण दिलं आणि सांगितलं, "आता इसर आनी परत शिक. एकदा येतं ते येत नसतं."

एकदा मुंबईहून एक प्राध्यापक बोटीने आणि पुढे रिक्षा बदलत आला. गळ्यात टेपरेकॉर्डर. मीच त्याला तिच्या ओट्यावर नेला. तिने त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि विचारलं, लग्न कुणाचं आहे. तो म्हणाला, लग्न नाही, नुसतं रेकॉर्डिंग करायचंय. तिने त्या यंत्राकडे बोट केलं.

"मंग देवांना बोलवून बसवू कुठं? तुज्या डब्यान?"

प्राध्यापक चांगला माणूस होता. तो तीन आठवडे थांबला, शेजारच्या गावातलं एक लग्न गाठलं आणि मांडवात मांडी घालून बसला. यंत्र त्याने पिशवीतून काढलंच नाही.

आता माझं.

माझ्या मुलीचं लग्न ठाण्याच्या मुलाशी ठरलं, मांडव आमच्या दारात. व्याही कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी गावच्या लग्न सुधार समितीचा चिटणीस. लग्नं वेळेवर लागावीत, दारू बंद व्हावी, मानपान कमी व्हावा म्हणून आम्ही ती काढली होती आणि त्यातलं बरंचसं चांगलं होतं, हेही नोंदवून ठेवतो. पण त्या दिवशी माझ्या मनात सुधारणा नव्हती, लाज होती. शहरातली माणसं खुर्च्यांवर बसलेली, आणि पुढे जमिनीवर एक म्हातारी पिठाच्या रेघा ओढत देवांची नावं घेतेय.

काकीने धवला सुरू केला. दहा मिनिटांत मी ध्वनिक्षेपकावरून पाहुण्यांचं स्वागत सुरू केलं. आमच्याकडे हे असतंच. एकेकाचं नाव पुकारायचं, त्याने पुढे यायचं, शाल घ्यायची. काकी थांबली. चौक पुसला. पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मी पुढचं नाव पुकारलं. तिने पुन्हा पुसला, पुन्हा सुरू केलं. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा तिचा तळवा जमिनीवर आपटला तेव्हा व्याह्यांनी घड्याळ पाहिलं. आणि मी भर मांडवात, भोंग्यावरून, गोड आवाजात म्हणालो, "आमच्या काकींचा आवाज वयामुळे गेला आहे. त्यांना आता विश्रांती देऊ या. टाळ्यांनी त्यांचा सन्मान करावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती उठली. पदराला हात पुसले. माझ्याजवळ आली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बाला न म्हणता बोलली.

"आवाज माजा गेला नाय, गुरुजी. तुमचा भोंगा मोठा झालाय."

चार महिन्यांनी समितीची बैठक झाली. लग्नात धवला सक्तीचा नसावा, असा ठराव मी लिहिला. कारण म्हणून खाली लिहिलं, "गावच्या धवलारणीचा आवाज गेला असल्याने." माझं अक्षर वळणदार आहे. वाचणाऱ्याला शंका येत नाही. लोक तेच बोलू लागले. भोंग्यावर ऐकलेलं, वहीत लिहिलेलं, वर गुरुजींनी सांगितलेलं. तिला बोलावणं बंद झालं.

तुम्हाला वाटेल, ती खचली असेल. मलाही वाटलं होतं, खरं तर तशी आशाच होती. पण पुढच्याच लग्नाला, हळद लागायच्या वेळी, ती आपल्या ओट्यावर बसली, तळवा दोनदा आपटला आणि गायला लागली. लग्न तीन आळ्या पलीकडे होतं. तिने हळदीपासून नवरी बाहेर येईपर्यंत सगळे धवले गायले, चौक काढले आणि शेवटी कोपऱ्यात उरलेलं पीठ कोंबड्यांना घातलं. त्यानंतर गावातलं एक लग्न तिने चुकवलं नाही. कुणी टोमणा मारला, काकी, तुम्हाला बोलावलं कुणी? ती म्हणायची, "बोलवा नायतं नका बोलवू. लगीन मी लावतंय. तुमी जेवा."

एका पावसाळ्यात तिला ताप होता तरी ती घोंगडी पांघरून ओट्यावर बसली. समितीच्या अध्यक्षाने घरी जाऊन सांगितलं की हे बरं दिसत नाही. तिने त्यालाच जात्यावर बसवलं आणि चौकाचं पीठ दळून घेतलं. तो माणूस घाम पुसत आला आणि मला म्हणाला, गुरुजी, पुढच्या वेळी तुम्ही जा.

मी गेलो नाही. पण माझ्या खिडकीतून मला दिसायचं. लग्नघरातून एखादी बाई मागच्या दाराने निघायची, पदरात मूठभर तांदूळ, आणि काकीच्या ओट्यावर ठेवून परतायची. पहिल्यांदा एक, पुढे प्रत्येक लग्नघरातून. आणि माझ्या मुलीने बऱ्याच वर्षांनी मला सांगितलं की सासरी जायच्या सकाळी तीही तिथे गेली होती. ओट्यावर बसून आपला मोडलेला धवला तिने पुरा करून घेतला. "मला तुमच्या घरातून अर्धं लग्न घेऊन जायचं नव्हतं, बाबा," ती म्हणाली.  

मिठागरं गेली, तिथे कंटेनरची आवारं झाली. काकीची शाळा ओट्यावर आली. पाटीऐवजी बायका पाण्याचा हंडा उचलून श्वास शिकू लागल्या. हॉर्न वाजवत ट्रक जायचे. ती हात वर करून बायकांना थांबवायची, चौक पुसायला लावायची, पुन्हा पहिल्यापासून. त्या बायकांचा आवाज मी रोज ऐकायचो. आणि तिचाही. शेवटच्या वर्षापर्यंत स्वच्छ, भरलेला, ट्रकच्या वर जाणारा.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा एकदाचा गेलो. म्हटलं, काकी, माझं चुकलं. मी खोटं बोललो.

तिने कूस बदलली. "मना कशाला सांगतस, बाला? मना म्हायती हाय माजा आवाज गेला नाय. ज्यांना सांगितलास, त्यांना सांग."

मी हो म्हटलं. आणि ती गेल्यावरही दोन वर्षं सांगितलं नाही. घाबरलो, दुसरं कारण नाही.

या वर्षी गावच्या नव्या सभागृहात तिचा फोटो लावला. खाली पाटी. पोरांनी हौसेने सगळं केलं, माहितीसाठी समितीच्या जुन्या वह्या काढल्या. पाटीवर तिचं गाव, तिची कला, आणि शेवटची ओळ, "वृद्धापकाळी आवाज गेल्याने त्यांनी गायन थांबवले." माझं वाक्य, रंगवून घेतलेलं. मी समितीच्या नव्या अध्यक्षाला सांगितलं, हे खोटं आहे, मी रचलेलं आहे. तो माझा विद्यार्थी. तो म्हणाला, "राहू द्या ना गुरुजी. आता कुणाला काय फरक पडतो? उगाच तुमचं नाव खराब."

मी हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला. रविवारी, ग्रामसभेला माणसं जमलेली असताना, सभागृहातलं स्टूल ओढून पाटीखाली ठेवलं. काय करताय, काय करताय, असं चारीकडून सुरू झालं. मी स्टुलावर चढलो आणि सांगितलं, हे वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. तिचा आवाज गेला नव्हता. तो गेला असं मी सांगितलं, कारण मला व्याह्यांची लाज वाटली. आणि मी ब्रश लावला.

काकीची एक विद्यार्थिनी, मिठागरातली, आता स्वतः साठीची, स्टूल धरायला आली. रंग भिंतीवर ओघळत होता. ती म्हणाली, "द्या गुरुजी, मी मारते."

"नाही," मी म्हणालो. "तू स्टूल धर."

अध्यक्ष खालून म्हणत होता की पाटी नवी करावी लागेल, खर्च कोण देणार. म्हटलं, कर नवी. हे वाक्य पुन्हा लिहिलंस तर मी पुन्हा येईन. डब्यात रंग बराच शिल्लक आहे.