दाखवायची आई

लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायला येणारा माणूस पहिल्यांदा रंग विचारतो. मग किंमत, मग केस किती गळतात ते. आईला बघायचंय म्हणणारे थोडे. त्या थोड्यांसाठी आमच्याकडं एक वेगळी आई ठेवलेली होती.

हे सरळच लिहितो. सातवीतनं शाळा सुटली, त्यामुळं गोल फिरून लिहायला मला जमत नाही.

मी हिंगोलीकडचा. ट्रकवर क्लीनर होतो. हुबळीत कावीळ झाली तेव्हा ड्रायव्हरनं मला सरकारी दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि ट्रक पुढं गेला. त्याला माल पोचवायचा होता, त्याचंही काय चुकलं. अण्णांचं तेव्हा कमरीपेठेत टायरचं दुकान होतं, आमचा ट्रक तिथं थांबायचा. एवढ्याच ओळखीवर ते मला बघायला आले आणि घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, दीड महिना ताकभात खाऊ घातला. बरा झाल्यावर कुठं जाणार असं दोघांनीही कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. काढला तर जावं लागेल, अशी भीती होती.

पुढं अण्णांनी उणकलला घर बांधलं, तळ्यापासून आत, नव्या घरांच्या ओळी संपतात तिथं. मागं पत्र्याची शेड घातली आणि कुत्र्यांचा धंदा सुरू केला. कुत्रीचं बाळंतपण करायचं काम माझ्याकडं आलं. पिल्लू बाहेर आलं की नाक साफ करायचं, दोऱ्यानं नाळ बांधायची, टॉवेलनं चोळायचं, वजन वहीत लिहायचं, खोक्यावर बल्ब लावून ठेवायचा. तिशी ओलांडलेला दाढीवाला माणूस हे करतो म्हणून कोपऱ्यावरचा चहावाला मला सूलगित्ती म्हणायचा, म्हणजे सुईण. एकदा नऊ झाली सांगितल्यावर म्हणाला, ‘‘पाच पोरं, चार पोरी म्हणतोस. मग पेढे आणणार की बर्फी, ते आधी ठरव की.’’

ती नऊ पिल्लं होती म्हातारीची. तिला नाव होतं, पण सगळे म्हातारीच म्हणायचे. वय आठ, पाचवं वेत. मागची कंबर गेलेली. उठताना आधी पुढचे पाय उचलायची, मग जरा थांबायची, मग मागचं अंग ओढून घ्यायची. डॉक्टरांनी एक्स-रे काढून अण्णांना दाखवला होता, मी शेजारीच उभा होतो. हाड खोबणीत नीट बसत नाही, हे पिल्लांत उतरतं, आता हिला लावू नका, असं ते म्हणाले. अण्णांनी मान हलवली. हे शेवटचं, म्हणाले. आधीच्या वेतालाही तेच म्हणाले होते.

अण्णा वाईट माणूस नव्हते. कुत्र्यांची ताटं झाल्याशिवाय ते जेवत नसत. म्हातारीला गोळ्या वेळेवर, तेल वेळेवर. पण गिऱ्हाईकानं तिला बघितलं तर पिल्लू उचललं नसतं. अंगावरचे केस गेलेले, सड लोंबणारे. म्हणून कुणी आईचं नाव काढलं की म्हातारीला पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत न्यायचं आणि तिच्या जागी धाकटीला आणायचं. धाकटी तीन वर्षांची, अंग चकचकीत. दोनदा लावूनही तिला दिवस गेले नव्हते. दाखवायला मात्र तिच्यासारखी आई नाही.

त्या रविवारी धारवाडहून एक निवृत्त मास्तर आले. गाव अळणावरकडचं, तिथं थोडी शेती. महिनाभर ते फोनवर अण्णांना प्रश्न विचारत होते. त्याआधी तीन ठिकाणं बघून झाली होती. एकानं घरी येऊच दिलं नाही, पेट्रोल पंपावर टोपलीत पिल्लं घेऊन आला. ‘‘पंपावर विकतात, आणि पेट्रोलसारखंच आत काय भेसळ आहे ते कळत नाही,’’ असं म्हणून ते स्वतःच हसले.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. त्यांचे वडील तळ्यावर बदकं मारायला जायचे. त्यांचं कुत्रं पाण्यात पोहत जाऊन पाखरू आणायचं, पीस मोडायचं नाही. बंदूक केव्हाच जमा झाली, शिकार बंद झाली, बरंच झालं. पण तोंड तसलं पाहिजे, कारण घरात दोन नातवंडं आहेत आणि ती कुत्र्याच्या तोंडात हात घालणार. दुसरी गोष्ट कंबर. आधीचं कुत्रं दुसऱ्याच वर्षी मागच्या पायांनी अधू झालं. तीन वर्षं ते त्याला सकाळ-संध्याकाळ उचलून जिना उतरवत होते. शेवटी इंजेक्शन द्यायलाही त्यांनीच उचलून नेलं. ते पुन्हा नको, म्हणाले. नातवंडांसमोर तर नकोच.

मी धाकटीला आणलं. त्यांनी पिशवीतनं पिकलेला चिकू काढला आणि अंगणात लांब टाकला. ती गेली, उचलून आणला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो रुमालानं पुसून उजेडाकडं धरला. एकही दात लागला नव्हता. मग तिला चालवलं, पळवलं, कमरेवर अंगठे दाबून बघितलं. सगळं ठीक होतं. तिचं खरोखरच ठीक होतं.

पिल्लं तिच्या पोटाशी घुसली तशी ती उडी मारून बाजूला झाली. मास्तरांनी दूध नाही का विचारलं. आठ आठवडे झाले सर, सुटलं, असं अण्णा म्हणाले आणि लसीचं पुस्तक आणायला आत गेले.

मग मास्तर माझ्याकडं वळले. इकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

‘‘तम्मा, तू इथंच असतोस. ही पिल्लं हिचीच ना?’’

‘‘हो सर. मीच काढली.’’

दुसरं वाक्य खरं होतं. त्याच्या आधारानं पहिलं उभं राहिलं.

त्यांनी पिशवीतनं फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी काढली, वर लोण्याचा गोळा. धाकटीपुढं उकिडवे बसले. त्यांच्या गावी पिल्लू नेताना आईला भाकरी घालतात. तिला न विचारता नेलं तर ते घरात रमत नाही. ‘‘बाई, तुझं एक लेकरू नेतो,’’ असं ते तिला म्हणाले. मग मला विचारलं, तुमच्याकडं असतं का असं. असतं म्हणालो. असतंच. माझी आई कोरभर घालायची, पण घालायची. धाकटीनं दोन घासांत भाकरी संपवली आणि आणखी आहे का म्हणून फडकं हुंगलं.

ते गेल्यावर मी म्हातारीला खोलीतनं काढलं. ती खोक्याशी गेली, एकेक पिल्लू हुंगलं आणि आडवी झाली. मी तिच्या कमरेला तेल लावलं. खूप वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे, पण वाटलं नाही. अंगाखाली दबून हात बधिर होतो, बोट लावलं तर कळतं पण आपलं वाटत नाही, तसं होतं. जेवलो, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी दुसरं पिल्लू गेलं.

मास्तरांचा नंबर वहीत होता. नवव्या दिवशी चहाच्या टपरीमागं जाऊन फोन लावला. त्याआधी किती वेळा लावून कापला ते मोजलं नाही. सगळं सांगितलं, एक्स-रेसकट. पलीकडं पिल्लू कशावर तरी भुंकत होतं आणि एक पोर हसत होतं.

‘‘आता सांगतोस?’’

‘‘हो सर.’’

‘‘त्या दिवशी तोंडावर विचारलं होतं की रे तुला.’’

मी म्हणालो, मला राहायला जागा तीच आहे. ते म्हणाले, नातू पिल्लाला कुशीत घेऊन झोपतो, परत आणायचं म्हणजे नातवाला कुणी सांगायचं. वजन वाढू देणार नाही, जिने चढू देणार नाही, एवढं आपल्या हातात आहे. पण डॉक्टरांना दाखवायला आईचा एक्स-रे लागेल, तो अण्णांकडं मागणार, आणि मागताना तुझं नाव निघणार. निघू दे म्हणालो. त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

अण्णांनी एक्स-रे दिला, कुरिअरनं पाठवला. रात्रीच्या जेवणात अक्कांनी नेहमीसारखं वाढलं, फक्त आणखी पाहिजे का विचारलं नाही. हात धुताना अण्णा म्हणाले,

‘‘कावीळ झाली तेव्हा कोण होतं रे तुझं?’’

‘‘तुम्ही होता अण्णा.’’

‘‘मग?’’

जा म्हणत नाही तुला, एवढं बोलून ते उठले. त्या क्षणी मला हलकं वाटलं, हेही लिहायला पाहिजे. छप्पर राहिलं म्हणून.

पुढच्या रविवारपासून गिऱ्हाईक यायच्या वेळी अण्णा म्हणू लागले, तू आत बस, म्हातारीजवळ. टाकीशेजारची खोली लहान, एक झरोका. मी पोत्यावर बसायचो, ती माझ्या मांडीवर डोकं टाकायची. बाहेरून कडी लागायची. आतनं सगळं ऐकू यायचं. रंग, किंमत, केस. धाकटीला आता अक्का आणायच्या.

असे तीन रविवार गेले. मला राग आला नाही. अपमानही वाटला नाही. आत बसून झरोक्यातला उजेड भिंतीवर सरकताना बघायचो, बस.

चौथ्या रविवारी एक बाई आल्या, मुलीला घेऊन. बँकेत नोकरीला असाव्यात, बोलणं मोजकं. दोनच पिल्लं उरली होती. आधी रंग त्यांनी विचारला नाही. आईची कंबर कशी आहे, असं विचारलं. अण्णा म्हणाले, बघा की, समोर उभी आहे. मुलगी धाकटीशी खेळत असावी, तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

पिल्लू केकाटलं. म्हातारीनं मान उचलली. पुढचे पाय टेकले आणि थांबली. मागचं अंग येईना. एरवी अशा वेळी मी तिला दाबून बसवायचो, गप्प म्हणायचो. त्या दिवशी तिच्या कमरेखाली दोन्ही हात घातले आणि उचललं. ती दारापर्यंत गेली आणि नखांनी खरवडू लागली.

बाहेरचं बोलणं थांबलं.

‘‘आत कोण आहे?’’ बाईंनी विचारलं.

अण्णा-अक्कांपैकी कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून मी वाट बघितली. तेवढा वेळ मी त्यांना दिला.

‘‘पिल्लांची आई आहे,’’ मी आतनं म्हणालो.

कडी अण्णांनीच काढली. माझ्याकडं न बघता बाजूला झाले. म्हातारी एकेक पाय टाकत अंगणात आली आणि बाई ती कशी चालते ते बघत उभ्या राहिल्या. पिल्लू न घेता त्या गेल्या.

त्यानंतर मी तिथं अकरा दिवस होतो, मग जा कुणी म्हणायच्या आधी मीच निघालो. आता हुबळीतल्याच दाजीबानपेठेत एका कापडाच्या दुकानात गठ्ठे बांधतो, झोपायला दुकानाचा माळा आहे.