दिनूमामा आणि धरणावरचा उजेड

धायरीला मामांकडे पोचल्यावर घाम पुसत मी म्हणायचो, "सिंहगड रस्ता पार तुंबलाय, थेट स्वारगेटपासून." दिनूमामा चष्म्यावरून बघायचे. "स्वारगेटला तू स्वतः होतास, की कुणी सांगितलं?" पाणी त्यानंतर मिळायचं.

मामा वर्तमानपत्रात उपसंपादक होते. निवृत्तीनंतर त्यांनी उडत्या तबकड्यांच्या जुन्या बातम्यांची छाननी आरंभली. कुठली खरी मानायची, कुठली नाही. ग्रंथालयातून झेरॉक्स आणायचं काम माझं, कारण रविवारी रिकामा आणि नाही म्हणता न येणारा असा नात्यात मी एकटाच. एकदा मी चार वर्तमानपत्रांतली एकच बातमी विजयी मुद्रेनं पुढे टाकली. "मामा, चार-चार पुरावे!"

त्यांनी वाचलं, डोळे चोळले. "चारही बातम्यांत तबकडी बघणाऱ्या गुराख्याचं घोंगडं डाव्या खांद्यावर. एकानं लिहिलं, तिघांनी उचललं. पुरावा एकच, तोही घोंगड्याचा." मग दमल्यासारखे म्हणाले, "अरे, पानात जागा उरली की आम्हीच तबकडी उतरवायचो."

एक कात्रण मात्र त्यांनी ना खऱ्यांत ठेवलं, ना खोट्यांत. लग्नानंतर लवकरच मामींना खडकवासल्याच्या धरणावर, तिन्हीसांजेला, आकाशात उजेड दिसला होता. वर्तमानपत्रानं छापलं, घरघरत गरगरणारी तबकडी. तेव्हापासून सासरी त्या 'तबकडीवाल्या वहिनी' झाल्या. लोक हसायचे त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. नवऱ्यानं कधी "खरंय" म्हटलं नाही, ते लागलं होतं.

मामा अधूनमधून त्यांना पुन्हा सांगायला लावत.

"लिंबाएवढा उजेड. थांबला. विझला."

"आवाज?"

"नव्हता हो. किती वेळा सांगू?"

"पुढे?"

"पुढे काय! घरी आले, कुकर लावला."

हीच गोष्ट मी लग्नकार्यांत रंगवून सांगायचो. माझ्या गोष्टीत कुत्रीही भुंकायची. मामांनी एकदा ऐकलं. "कुत्री कधी आली रे? खोटी गोष्ट अशीच दर खेपेला बाळसं धरते."

मामांच्या शेवटच्या आजारपणात मी तिथेच बसलो होतो. मामींनी त्यांची उशी सारखी करता करता विचारलं, "अहो, आता तरी सांगा. माझं काय ठरवलंत?"

मामा म्हणाले, "बातमी खोटी."

मामींचा हात उशीवर थांबला.

"बाई खरी. इतक्या वर्षांत तुझ्या गोष्टीत एक कुत्रंसुद्धा वाढलं नाही."

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी हा प्रसंग जमलेल्यांना सांगत होतो. "...आणि मामांनी मामींचा हात हातात घेतला, डोळे भरून आले, म्हणाले..."

"हात नव्हता घेतला रे," कोपऱ्यातून मामी म्हणाल्या. आवाज थकलेला, पण स्वच्छ.

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. हात वगळून.