वीस दातांचं पॅकेज

दवाखान्यात तिला सगळे दुभाषीबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी सही करतानाच काय ते उपयोगी पडे. परदेशातून दात करून घ्यायला येणाऱ्या माणसांना विमानतळावरून आणायचं, हॉटेलात सोडायचं, आणि उपचाराच्या खुर्चीशेजारी उभं राहून डॉक्टरांचं बोलणं त्यांना आणि त्यांचं डॉक्टरांना सांगायचं, हे तिचं काम. त्याआधी महिना-दोन महिने फोनवर त्यांच्या शंका मिटवायच्या, तेही तिनेच.

ही परकी भाषा ती पुस्तकातून शिकली नव्हती. सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत ती त्याच देशात वाढली. वडील तिथे काचेच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, बिऱ्हाड परत आलं, भाषा जिभेवर तशीच राहिली. पुढे पंधरा वर्षं तिने एका शाळेत ती भाषा शिकवली. मग शाळेने तो विषयच काढून टाकला आणि चाळिशी ओलांडल्यावर बाई घरी बसली. दातांच्या दवाखान्याची जाहिरात दिसली तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं.

पगार बेताचाच होता, पण जितके दात ठरतील तितके वरचे पैसे सुटत. एक कॅप म्हणजे अमुक, वीस कॅप म्हणजे त्याच्या वीसपट. दवाखान्याचे मालक, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, दोन दात विचारायला आलेला माणूस वीस करून गेला पाहिजे. आपण जबरदस्ती करायची नाही. फक्त समजावून सांगायचं."

घरी आई होती. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता आणि कवळी तिला काही केल्या सोसत नसे. लेकीचं फोनवरचं बोलणं ऐकून ती म्हणायची, "माझं तोंड रिकामं आहे ते बरं. नाहीतर तू त्याचेही भाव काढले असतेस."

लेक हसायची. पहिली दोन वर्षं ते हसण्यावारी नेता आलं.

तिसऱ्या वर्षी पोस्टमनकाकांचा निरोप आला.

सहासष्ट वर्षांचा, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. बरोबर एक फोटो होता. त्यात एका बोटाने वरचा ओठ ओढून धरलेला, समोरचे दोन दात अर्धे तुटलेले. बाकीचे वाकडेतिकडे, पिवळट, पण धडधाकट. खाली लिहिलं होतं, की पस्तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, टपाल वाटताना सायकलवरून पडलो आणि दात मोडले, तेव्हापासून तोंड मिटूनच हसायची सवय लागली. गेल्या वर्षी बायको गेली. तिचा फोटो भिंतीवर लावायचा म्हणून सगळे अल्बम काढले, तर दोघांच्या एकाही फोटोत मी हसताना सापडलो नाही. बघणाऱ्याला वाटावं, हिच्याबरोबर हा माणूस तीस वर्षं रुसूनच बसला होता. ते आता बदलता येत नाही. निदान नातीबरोबर तरी तसं व्हायला नको. दोन दातांना किती पडतील?

दुभाषीबाईने तो निरोप दोनदा वाचला. मग नेहमीचं ठरलेलं उत्तर पाठवलं. दोनच दात केले तर रंग वेगळा दिसेल. तुमच्याकडे दोन दातांना जितके लागतात, त्यात आमच्याकडे सहा होतात. वीस दातांचं पॅकेज घेतलंत तर हॉटेल आणि गाडी आमच्याकडून. शिवाय दहा वर्षांची हमी.

काकांनी अकरा दिवस घेतले. मग पोस्टातल्या माणसाला शोभेल असं आकडे घालून विचारलं. एक, कॅप बसवायला मूळ दात किती घासावा लागतो? दोन, हमी म्हणजे नेमकी कशाची? तीन, घरी गेल्यावर दुखलं तर काय? तिने लिहिलं, दात थोडासा घासतात. हमी दहा वर्षांची लेखी मिळेल. दुखलं तर आम्ही आहोतच.

"आहोतच" हा शब्द लिहिताना आपल्याला जरा बरं वाटलं होतं, हे पुढे तिला पुष्कळदा आठवलं.

काका आले ते एक छोटी बॅग घेऊन. बॅगेला पार्सलसारखी दोरी बांधलेली. गाडीत बसल्यापासून ते खिडकीबाहेर बघत होते. "इथल्या टपालपेट्या फार उंच लावल्यात हो, ताई. बुटक्या माणसाने काय उड्या मारायच्या?" आपली भाषा इतकी साफ बोलणारी बाई परमुलखात भेटली म्हणून त्यांना कोण आनंद झाला होता. तिच्या वडिलांचा कारखाना कुठे होता, ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्या भागात ते स्वतः चार वर्षं टपाल वाटत होते. "म्हणजे तुमच्या घरी मी पत्र टाकलंही असेल!" हॉटेल येईपर्यंत त्यांनी तिला घरचीच करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाले. काका खुर्चीत आडवे, छातीवर कागदी फडकं, डोक्यावर दिवा. मोठे डॉक्टर पडद्यावर बघत होते. शेजारी त्यांच्या हाताखालच्या छोट्या डॉक्टर उभ्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी लागलेली, अबोल मुलगी. तिने एक्स-रेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सर, खालचे दहाही दात चांगले आहेत. त्यांना हात लावायची गरज नाही. वरचेही दोनच करावे लागतील."

मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली नाही. "पॅकेज ठरलंय," ते म्हणाले.

काकांनी मान वळवून दुभाषीबाईकडे पाहिलं. "त्या काय म्हणाल्या?"

खोलीत कुठलं तरी यंत्र घुंघुं करत होतं. आता मोठे डॉक्टर वर बघत होते. काकांकडे नाही, तिच्याकडे.

"म्हणाल्या, दात छान होतील," ती म्हणाली.

"बरं," असं म्हणून काकांनी तोंड उघडलं.

घासायला साडेचार तास लागले. मध्ये एकदा काकांनी हातानेच आरसा मागितला. आरसा तिने द्यायला नको होता, पण दिला. वीस दातांच्या जागी पिवळसर, टोकदार खुंट उरले होते. काका बराच वेळ बघत राहिले. ओठ बधिर होते, त्यामुळे शब्द नीट फुटेना. "हे माझे?" त्यांनी विचारलं. तिने त्यांचा हात हातात घेतला. सगळ्यांचाच घ्यायची, कामाचा भागच होता तो. पण त्या दिवशी तो लवकर सोडवला नाही.

सहाव्या दिवशी पक्क्या कॅप बसल्या. सारख्या, शुभ्र, एका ओळीत. काका आरशासमोर हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुभाषीबाईला वाटलं, झालं ते बरंच झालं. माणूस खूश आहे ना, मग त्या एका वाक्याने काय बिघडलं असतं? विमानतळावर काकांनी तिच्या आईसाठी मऊ लोकरीचा स्कार्फ दिला. महिनाअखेरीला वीस दातांचे पैसे तिच्या खात्यात आले. त्यातून तिने आईच्या खोलीला नवा हीटर घेतला.

चार महिन्यांनी काकांचा निरोप आला. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते. तिने मोठ्या डॉक्टरांना विचारून कळवलं, सवय होईल. मग गाल सुजला. तिकडच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सात दातांच्या नसा मेल्यात, दात इतके घासायचं काही कारण नव्हतं, आणि दुसऱ्याच्या कामात मी हात घालणार नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी हात घातला. एकेका रूट कॅनॉलचं बिल ऐकून काकांनी पहिले दोन दात तिथेच केले असते तर किती पडले असते, त्याचा हिशेब मांडला आणि तो कागद फाडून टाकला. हे सगळं ते तिला लिहायचे, तेही प्रत्येक वेळी "ताई, त्रास देतोय, राग मानू नका" अशी सुरुवात करून.

तिने हमीचा कागद काढून वाचला. इतकी वर्षं ती तो लोकांच्या हातात देत होती, पण शेवटपर्यंत कधी वाचला नव्हता. हमी कॅपची होती. कॅप फुटली तर नवी फुकट, ती बसवायला इथवर यायचं, तिकीट आणि राहणं पेशंटचं. कॅपखालच्या दाताबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

"त्यांना सांगा, इकडे या, आम्ही बघतो," मोठे डॉक्टर म्हणाले.

"तिकिटाचे पैसे नाहीत त्यांच्याकडे."

"मग आपण तरी काय करणार?" असं म्हणून त्यांनी पुढची फाइल ओढली.

थंडी सरता सरता काकांचे खालचे तीन दात काढावे लागले. त्यानंतर दोन आठवडे त्यांचा काहीच निरोप नव्हता. मग आला तो असा.

"ताई, त्या दिवशी छोट्या डॉक्टर बरंच काही बोलल्या होत्या. तुम्ही मला दोन-तीनच शब्द सांगितलेत. मी चाळीस वर्षं पोस्टात काढली. पाकीट हलकं झालं की हाताला कळतं. तेव्हाही कळलं होतं. पण तुम्ही होतात म्हणून विचारलं नाही. आता सांगाल का?"

दुपारची वेळ होती. ती दवाखान्याच्या मागच्या जिन्यात जाऊन बसली. लिहून उत्तर देता आलं असतं, पण तिने फोन लावला आणि छोट्या डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता, त्यांच्या भाषेत सांगितलं.

दात काढल्यामुळे काकांचा उच्चार बदलला होता. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

सबबी पुष्कळ होत्या. त्यातली एकही तिने दिली नाही. "मोठे डॉक्टर बघत होते, काका. आणि वीस दातांचे मला पैसे मिळणार होते."

"असं होय," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "मोठ्या डॉक्टरांना मी ओळखत नव्हतो. त्या छोट्यांनाही नाही. त्या अख्ख्या शहरात माझ्या ओळखीच्या तुम्ही एकट्या होतात, ताई."

फोन बंद झाला. पायऱ्यांवरून एक सफाईवाली बादली घेऊन खाली आली, तिला वाट करून द्यायला दुभाषीबाई उठून भिंतीला लागून उभी राहिली आणि तिथेच रडत राहिली.

त्याच आठवड्यात तिने घडलं ते सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि काकांच्या मुलीकडे पाठवलं, तक्रारीला उपयोग होईल म्हणून. मोठ्या डॉक्टरांना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी तिला ओरडून जाबही विचारला नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच. चौकशी झाली तेव्हा छोट्या डॉक्टर म्हणाल्या, मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. बाहेर पडताना त्यांनी दुभाषीबाईकडे पाहायचं टाळलं. तिला त्या मुलीचा रागही धड करता येईना. गप्प बसणं किती सोपं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

शेवटी दवाखान्याने अर्धे पैसे परत केले. पुढे कुठे काही बोलणार नाही, असं लिहून घेऊन. काकांनी ते घेतले. त्यात खालच्या तीन दातांची कवळी झाली आणि थोडे उरले.

आता ती सरकारी इस्पितळात दुभाषी आहे. पगार निम्मा. त्या देशातून इथे कामाला आलेली माणसं येतात. कुणाचा पाय मोडलेला, कुणाच्या बायकोचे दिवस भरलेले. डॉक्टर जे बोलतील ते सगळं ती सांगते. आपापसात बोललेलंही सांगते. "बाई, हे त्यांना नका सांगू," असं एखाद्या डॉक्टरने म्हटलं, की तेही सांगते. डॉक्टर वैतागतात. दोनदा तिची तक्रार झाली आहे. आई म्हणते, "आता या वयात नोकरी घालवू नकोस बाई." तो लोकरीचा स्कार्फ आईच्या गळ्यात असतो. तो कुणी दिला हे आईला माहीत आहे. त्यावर दोघी कधी बोलत नाहीत.

दर महिन्याला एकदा, सकाळी अकराच्या सुमारास, ती काकांच्या घरी फोन लावते. मुलगी उचलते.

"बाबा बरे आहेत," ती सांगते. "झोपलेत आता."

मागे रेडिओ लागलेला असतो. कुणीतरी खाकरतं, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

"बरं," दुभाषीबाई म्हणते. "फोन आला होता म्हणून सांगा."

मुलगी हो म्हणते. सांगते की नाही, कोण जाणे.