उंदरांचा नाश्ता
फोडणीच्या पोह्यांचा वास आला की मला रोह्याच्या कंपनीतली ती सकाळ आठवते. कॅन्सरचं नवं औषध पाजल्यावर ते उंदरांच्या रक्तात किती उतरतं, हे आम्ही मोजत होतो. पोटात अन्न असलं की ते नीट उतरत नाही, म्हणून उंदीर आदल्या रात्रीपासून उपाशी होते. ते पिंजरे कुरतडू लागले आणि माझ्यातला यजमान जागा झाला. पेणहून आणलेला पोह्यांचा डबा मी औषधाआधीच त्यांना वाटून टाकला. दुपारी आकडे बघून आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "रक्तात उतरतच नाय हे औषध. बंद करू या." मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा आत शिरलो. "मॅडम, उंदरांनी नाश्ता केलाय." "कुणाचा?" "माझा." "म्हणजे उपाशी तुम्हीच होतात. तुम्हालाच पाजायला हवं होतं." दुसऱ्या खेपेला, उंदीर खरंच उपाशी असताना, औषध रक्तात नीट उतरलं. तिसऱ्यांदाही मागे फिरलो असतो तर, या विचारानं मी अजून घरात येरझाऱ्या घालतो.