लुओ छुनलानची हरकत

लुओ छुनलान मुळातच तोंडाळ. चीनमधल्या चूचौच्या रेल्वे डेपोत गाडीखालच्या खड्ड्यात उतरून ती बेअरिंगं तपासायची आणि वर आली की आधी साहेबाला दोन सुनवायची, मग हात धुवायची. गाड्यांवर बसवायच्या तपासपेट्यांचं मानक ठरवायला कमिटी बसली, तेव्हा डेपोनं तिलाच धाडलं. तेवढीच डेपोला शांतता.

तपासपेटी म्हणजे आसाच्या बेअरिंगचा ताप आणि थरथर मोजणारा डबा. मोजायचा सगळं, पण दाखवायचा काही नाही. बाहेर नुसता हिरवा नाहीतर तांबडा दिवा. आतले आकडे बघायचे तर कंपनीचा माणूस यायला हवा, तोही त्याच्या सवडीनं. मागल्या उन्हाळ्यात दिवा हिरवा आणि चाकाशी करपल्याचा वास. फोन केला तर कंपनी म्हणाली, पेटी खोटं बोलत नाही. शेवटी तिचा कामातला जोडीदार फंग यानं खात्री करायला हात लावला, तर तळव्याची कातडी बेअरिंगच्या झाकणालाच चिकटली.

तेव्हापासून छुनलानच्या डोक्यात एकच किडा. आकडे डेपोच्या माणसाला थेट वाचता आले पाहिजेत. मसुद्यातलं पाचवं कलम ते हेच, तिनं भांडभांडून घातलेलं.

आता या कमिटीची रीत अशी की मानक एकमतानं जायचं. एकाची जरी लेखी हरकत आली तरी मसुदा माघारी. म्हणून खरी बैठक व्हायची ती आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या गोल टेबलावर. पेला भिडवून तळ दाखवला की समोरच्याचं म्हणणं मान्य, असं सगळे धरून चालायचे.

त्या संध्याकाळी टेबलावर तिखटात बुडालेलं माशाचं डोकं होतं, धुरी दिलेलं डुकराचं मांस होतं आणि ज्वारीची कडक दारू. पेट्या बनवणाऱ्या कंपनीचा श्याओ पेला घेऊन छुनलानपाशी आला. कोट असा की माशी बसली तर घसरावी. त्यानं आपला पेला तिच्या पेल्याच्या पार बुडाशी नेला. पेला जितका खाली, तितका समोरच्याला मान; एवढा मान तिला सासरीसुद्धा कुणी दिला नव्हता.

"ताई, ते पाचवं कलम पुढच्या खेपेला बघू. तुम्ही मोठ्या मनाच्या आहात."

इतक्या खाली आलेला पेला नाकारणं म्हणजे माणसाच्या थोबाडीत मारणं. तोंडानं काय ते उद्या बोलू, असा विचार करून छुनलाननं पेला रिकामा केला. चुकली ती तिथं.

सकाळी अध्यक्ष थान मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "पाचवं कलम वगळलं. कालच ठरलंय."

"कुनी ठरवलं?" छुनलान उठली.

"लुओताई, तुम्हीच तर पेला संपवलात. सगळ्यांनी पाहिलं."

"दारू प्याले. कलम न्हाई प्याले."

कुणीतरी खुसखुसलं. श्याओ गोड आवाजात म्हणाला, "ताई, बसा ना. शब्द दिल्यावर असं बरं दिसत नाही."

"शब्द कवा दिला रं तुला? मान दिला म्हनून मान राखला. त्या मानाच्या आडून माझ्या मानसाचा हात विकत घ्यायचा व्हता व्हय तुला?" तिनं चहाचा पेला उचलला, त्याच्यापुढं जाऊन टेबलाला टेकेल इतका खाली धरला. "आता तू पी. पाचवं कलम ऱ्हातंय, असं म्हन आन पी."

श्याओ पेल्याला शिवेना.

"का? तुझ्या नरड्यातनं गेलं की नुसता चहा, आन माझ्या नरड्यातनं गेलं की अंगठा?"

थान मास्तर कळवळून म्हणाले, "अहो, मसुदा करणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव तुमचं आहे. हरकत घेतलीत तर ते राहणार नाही. पुन्हा डेपोला बोलावणार तरी कोण?"

"नाव काय चाटायचंय? पुसा. हरकत लिवून घ्या."

लिहून घ्यावीच लागली. मसुदा माघारी गेला. डेपोत साहेबानं तिला सगळ्यांदेखत झापलं. कंपनीशी चांगली सोयरीक मोडलीस म्हणाला. फंग मात्र रात्रपाळीच्या माणसांना तो किस्सा रंगवून सांगत सुटला, तर त्यालाही तिनं शिवी हासडली. "हसतोस काय? अजून काय जिंकलंय?"

खरंच नव्हतं जिंकलं. सुधारलेला मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा पाचवं कलम परत आलं होतं, पण शेपूट लावून. आकडे डेपोला वाचता येतील, 'उत्पादकाच्या परवानगीनं'. छुनलाननं ते फंगला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजी घराला दार दिलं आन कडी बाहेरनं लावली," फंग म्हणाला.

"हेच लिवते," ती म्हणाली. कमिटीत तिची खुर्ची उरली नव्हती, पण हरकत पाठवायला खुर्ची लागत नव्हती. डब्यातला भात तसाच ठेवून तिनं लिहायला घेतलं.