शेरूचा गुडघा कोणाच्या हाती द्यावा?

मंडळी, आज डोकं चालेनासं झालंय. आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशनशिवाय तो पाय टेकणार नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी नुसता एक्स-रे पाहिला अन् म्हणाले, "उद्याच करून टाकू." मग पडद्याआड फोनवर कोणाला तरी हळूच विचारलं, "सर, गुडघा कुठून उघडायचा?" मी ऐकलं अन् शेरूला उचलून निघालो.

चिखलीत आमच्या बैलांच्या डॉक्टरांनी, बाजारात बैल चालवून पाहतात तसं शेरूला अंगणात चालवलं, गुडघा चाचपला. म्हणाले, "भाऊ, मले नाही जमणार. कुत्र्याचा गुडघा कधी केला नाही."

मी हात जोडले. "तुम्हीच करा ना!"

"मंग काय शेरूवर शिकू?"

आता कोणाकडे नेऊ? कोणाच्या कुत्र्याचं हे ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांच्या नावाआधी एवढंच सांगा, तो आता पळतो का?