कमरुद्दीनभाईंचा निकाल

कमरुद्दीन सारंग जज झाला नाही, हे जगातल्या जजांचं नशीबच म्हणायचं. दाभोळचा हा माणूस शारजात एका बांधकाम कंपनीचा स्टोअरकीपर. पण शुक्रवारी नमाजानंतर रोल्ला चौकातल्या वडाखाली बसला की थेट बॅरिस्टर! साल अडुसष्ट. इंग्रज जाणार, अमिराती एक होणार, मग सगळ्यांचं मिळून मोठं कोर्ट निघणार, अशी बोलणी चालली होती. कोर्टाचा अजून पत्ता नाही आणि याने त्याचे नियमसुद्धा करून टाकले.

"जजने खटल्यातल्या पार्टीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही! आणि निकालाचं कारण सगळ्यांसमोर ओपन सांगायचं. खलास!"

एका शुक्रवारी अन्वर शिंपी आणि वली खाणावळवाला भांडतच आले. बाजारातली एकच खोली दोघांना हवी होती. अरब मालकाने दोघांनाही हो म्हटलं होतं आणि आता तो म्हणे, तुमच्यातच मिटवा. अन्वरला दुकान वाढवायचं होतं. वलीची मात्र जुनी जागा पाडणार होते. ही खोली गेली तर खाणावळ बंद, आणि नुकतीच आलेली त्याची बायको हलिमा तान्ह्या पोरीला घेऊन परत गावी.

"यल्ला, चला, कमरुद्दीनभाई, तुम्हीच जज!" सगळे ओरडले.

भाई असे फुलले की विचारू नका. आपण दोन्ही वेळ वलीकडेच जेवतो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते हो म्हणून बसल्यावर! मग काय, आठवडाभर स्वतः भात करपवला, खजुरावर दिवस काढले. हलिमाने पाठवलेलं बांगड्याचं कालवण झाकण न उघडता परत केलं आणि उपाशी झोपले बिचारे.

पुढच्या शुक्रवारी वडाखाली सुनावणी झाली. मालकाने आधी शब्द वलीला दिला होता, हे अन्वरने स्वतःच कबूल केलं. आता राहिलं काय? भाई खाकरले.

"खोली अन्वरची."

वलीचा चेहरा उतरला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाई, कारण?"

कारण ओपन सांगायचं, हा नियम भाईंचाच. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मोठी लाज वाटली त्यांना.

"कारण मी तुझ्याकडे जेवतो," ते हळूच म्हणाले. "लोक काय म्हणतील, म्हणून." मग उठून उभे राहिले. "ऐका, निकाल चुकला. खोली वलीची. आणि मी जज म्हणून बसायलाच नको होतं."

"वा भाई!" अन्वर हसला. "आता तर सगळी शारजा म्हणेल, कालवणाने निकाल फिरवला."

"म्हणू दे," कमरुद्दीन म्हणाला. "माझं नाव राखायला मी याच्या बायको-पोरीला बोटीवर चढवत होतो."